बर्फातली तिफण

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. या सदरातले लोकांचे अनुभव वाचून मी मनात म्हणायचो, दमलेला माणूस, रिकामं पोट, दुसरं काय! आजही बऱ्याचदा तेच म्हणतो. पण आमच्या दाजींनी परवा पुन्हा तो विषय काढला आणि... जाऊ द्या. एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे सुटलो.

मी भोकरदन तालुक्यातला. आमच्याकडे बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा. पण कॉलेजात असताना एका शिबिरासाठी हिमालयातल्या औलीला गेलो, स्कीइंग शिकलो, आणि नव्वदचं दशक संपता संपता काही हिवाळे तिथंच पर्यटकांना फिरवायचं काम केलं. सगळ्यांना एकच हवं असायचं — कोरा बर्फ. नेहमीचा दाबलेला उतार नको, बाजूला कुठंतरी, जिथं कुणाची रेघसुद्धा उठलेली नाही असा. मी सकाळी उठून तो शोधायचा, धोका नाही ना ते बघायचं, लोकांना न्यायचं, आणि त्यांनी बघता बघता तो उकरून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा शोधा. पहिल्या वर्षी फार भारी वाटलं. नंतर नुसता वीट आला.

अशातच दाजी आले. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. जालन्यात बियाण्याच्या कंपनीत नोकरी, पण जन्म शेतात गेलेला. पेरणीला तीन फणांची तिफण अजून स्वतः धरायचे. आधी दोन हिवाळे येऊन स्कीइंग बऱ्यापैकी शिकलेले. हौस दांडगी आणि आवाज त्याहून दांडगा. ते निघाले त्या दिवशी अक्काचा फोन आला होता.

"विलास, मह्या पोटात लेकरू हाय. त्यांला जसं धाडलं तसं माघारी आण. बास, दुसरं काही मागत न्हाई."

मी हो म्हणालो. काय म्हणणार?

सीझन संपत आला होता. माझे गुडघे बोलायला लागले होते. त्या दुपारी दाजींना घेऊन मी वरच्या एका उतारावर गेलो. आदल्या दिवशीच बर्फ पडलेला. वर उभं राहून सगळा उतार नीट पाहिला — एक ओरखडा नाही. हे मुद्दाम सांगतोय. तेच माझं काम होतं, त्यात माझी चूक व्हायची नाही.

अर्ध्या उतारावर आलो आणि ढग खाली उतरला. सगळं पांढरं. वर कुठलं, खाली कुठलं, काही कळेना. स्वतःच्या पायातल्या स्कीच्या पट्ट्या तेवढ्या दिसत होत्या.

"दाजी, माझ्या मागंच राहा. हलू नका."

"अरे, मी कुठं हलून राह्यलो? तूच थरथर करून राह्यला."

अक्काचा आवाज कानात होता. हळूहळू सरकत निघालो, आणि पायाखाली रेघा दिसल्या. तीन. सारख्या अंतराच्या, सारख्या खोलीच्या, उताराला आडव्या गेलेल्या. स्कीच्या रेघा दोन असतात. तिसरी कशाची? वाटलं, कुणाची तरी काठी घासत गेली असेल. पण मघाशी तर उतार कोरा होता...

दाजी खाली वाकले. हातमोजा काढून रेघेत बोट घातलं. "विलास, ही तिफण चाललीय रे."

"दाजी, इथं बैल तरी आहेत का?"

"खूर न्हाईतच ना! तेच तर बघून राह्यलो."

वाद घालायची ताकद नव्हती. रेघा धरून निघालो. बऱ्याच वेळानं त्या एकदम थांबल्या. जरा मोकळी जागा, आणि बाजूनं तशाच तीन रेघा उलट्या दिशेनं निघालेल्या. माझ्या अंदाजानं आमचा मुक्काम सरळ पुढं होता. मी पाऊल उचललं, तोच दाजींनी मागून जॅकेट धरलं.

"पुढं जायचं न्हाई. पेरणारा तिफण कवा उचलतो? धुरा आला की, रानाचा बांध. मंग वळतो. ह्याच्यापुढं रान न्हाई, बिलकुल न्हाई."

मी वैतागून हातातली काठी पुढं रोवली. ती आरपार गेली. समोरचा बर्फ आवाज न करता खचला, आणि तिथून वारा वर आला. खाली दरी होती. आम्ही तिच्या काठावर उभे होतो.

दोघंही वळलो, परतीच्या रेघा धरल्या. दुसऱ्या टोकाला देवदाराची झाडं लागली, ओळखीची. तिथं ढग विरळ झाला. मी मागं वळून पाहिलं. उतारावर फक्त आमच्या दोघांच्या स्कीच्या रेघा होत्या, जाताना आणि येताना. बाकी सगळं कोरं.

पुढच्या हिवाळ्यात मी गेलोच नाही. आता भोकरदनला दुकान चालवतो. थकव्यानं भास झाला म्हणावं, तर दोघांना एकच कसा होईल? आणि भासाला दरी कुठं आहे ते कसं कळेल? विचार करून करून कंटाळलो.

दाजी लग्नाकार्यात हा किस्सा हसत सांगतात. परवा मात्र मध्येच थांबले. म्हणाले, "ती तिफण धरली कुणी व्हती, ते जाऊ दे. त्यानं तिथं पेरलं काय असंल रे?" समोर त्यांची लेक पानं वाढत होती. तीच, तेव्हा अक्काच्या पोटातली. मी तिच्याकडं बघत राहिलो.

अक्काचाही असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण त्या वर्षापासून पेरणीच्या बियाण्याची पहिली मूठ ती तिफणीच्या चाड्यात सोडत नाही, धुऱ्यावर ठेवते. आता ट्रॅक्टरनं पेरतात, तरी ठेवते. कुणासाठी, ते तिलाही माहीत नाही.