टँकरकडे बघू नका

तो घरोघरी जाऊन विजेच्या मीटरचे आकडे टिपणारा माणूस. उभा जन्म पायी गेलेला. जिने चढायचे, अंधाऱ्या बोळात बॅटरी मारायची, आकडा टिपून पुढच्या दाराशी जायचं. अंगावर येणाऱ्या कुत्र्यांना तो भ्यायचा नाही. चाकांना मात्र भ्यायचा. रस्ता ओलांडताना बायकोचा हात घट्ट धरायचा आणि वर तिलाच म्हणायचा, "तू घाबरतेस ना, म्हणून."

टेकडीवर नवी वसाहत झाली आणि साहेबांनी ती त्याच्या गळ्यात मारली. "मोटरसायकल ऑफिसची. परवाना तेवढा तुम्ही काढा." त्याने आयुष्यात कधी गाडी चालवली नव्हती. पण पन्नाशीला टेकलेल्या माणसाला नाही म्हणायची सोय कुठली?

शिकाऊ परवान्याची परीक्षा लेखी होती. मुलगी कुरियरचं काम करायची, दिवसभर दुचाकीवर. संध्याकाळी भाजी चिरता चिरता ती त्याला प्रश्न विचारायची.

"पुढच्या गाडीपासून अंतर किती?"

"ती एकदम थांबली तरी आपल्याला थांबता येईल एवढं."

"वळणावर ब्रेक?"

"वेग वळणाच्या आधी कमी करायचा. वळणात ब्रेक करकचून दाबायचा नाही."

"हेल्मेट?"

"पट्टा लावलेलं. नुसतं डोक्यावर ठेवलं तर ती टोपी."

बायको म्हणाली, "बोलण्यात पटाईत आहेत. बसल्यावर बोबडी वळली नाही म्हणजे मिळवली."

लेखी परीक्षा तो पास झाला. बंद पडलेल्या गिरणीमागच्या मैदानात क्लच सोडायला शिकला, दोन्ही ब्रेक एकत्र दाबायला शिकला. मग एका रविवारी मुलगी मागे बसली आणि म्हणाली, "बाबा, आज टेकडी."

जीव मुठीत धरून त्याने गाडी चढावर घातली. हातमोज्यांत घाम साचला होता. एक वळण नीट गेलं, दुसरंही गेलं. तिसऱ्या वळणाआधी त्याने वेग उतरवला, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा. पण वळणात कुठल्याशा बांधकामाची खडी सांडली होती. पुढचं चाक किंचित सरकलं आणि त्याने मान वर केली तर समोरून पाण्याचा टँकर उतरत होता.

त्याची नजर टँकरच्या लोखंडी बंपरला चिकटली ती चिकटलीच. आणि गाडीही तिकडेच निघाली. हँडल तर त्याने वळवलं नव्हतं! कर्कश हॉर्न वाजला. पाठीमागून मुलीने त्याच्या खांद्यात बोटं रुतवली.

"बाबा, टँकरकडे बघू नका! रस्ता जातो तिकडे बघा! तिकडे!"

बंपरवरून नजर काढणं म्हणजे चालत्या गाडीतून उडी मारण्यासारखं वाटलं त्याला. तरी त्याने जोर लावून मान फिरवली आणि वळणाच्या पलीकडचा मोकळा रस्ता पाहिला. गाडी मुकाट्याने तिकडे वळली. टँकर इतक्या जवळून गेला की वाऱ्याच्या झोताने त्याचा शर्ट फुगला.

थोडं पुढे जाऊन त्याने गाडी थांबवली. स्टँड लावला. आता लेक चिडणार, असं त्याला वाटलं. पण मुलगी उतरून कठड्यावर बसली आणि हमसून हमसून रडू लागली.

"मला वाटलं, संपलं सगळं."

"मलाही," तो म्हणाला. "आता तू चालव."

"मलाही नाही जमणार आत्ता."

मग दोघांनी गाडी ढकलत खाली आणली. बायको दारातच उभी होती. "गाडी बंद पडली?"

"गाडी चांगली आहे," तो म्हणाला. "आम्ही बंद पडलो."

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. साहेबांना काय सांगायचं, याचाच विचार तो करत राहिला. पुढच्या रविवारी मुलीने हेल्मेट घातलं, तसं त्यानेही घातलं. कितीतरी रविवार असे गेले, तेव्हा कुठे पक्का परवाना हातात आला.

हल्ली तो रोज टेकडी चढतो. त्या वळणाशी अजूनही तोंड कोरडं पडतं. तो इतका हळू होतो की मागचे वैतागून हॉर्न वाजवतात. वळण संपलं की तो कडेला होतो आणि त्यांना पुढे जाऊ देतो.