गुळवेलीचा कडू घोट

इंदू गेली त्यानंतर मी देवीपुढे हात जोडले नव्हते. तापात माझी लेक गेली. तुळशीचा रस मधातून चाटवला, वेखंड उगाळून लावलं, कपाळावरच्या पट्ट्या बदलत राहिले, देवीला आळवलं. काहीच कामी आलं नाही. घरात तिचं नावही कुणी घेईना. देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या त्या पहिल्या वर्षांतली ही गोष्ट.

माघात सासूबाईंनी मला मनूदेवीला नेलं. मी त्यांना आत्या म्हणे. यावलच्या केळीबागांमधून बैलगाडी निघाली तेव्हाच माझं अंग कसकसत होतं. सातपुड्याच्या पायथ्याशी उतरले, तर पाय उचलेना. "तू अठीच बस, मी ओटी भरून येते," म्हणत आत्या इतर बायकांबरोबर वर गेल्या.

मी ओढ्याकाठच्या कडुलिंबाला टेकले. तापाच्या गुंगीत ऊन हिरवं दिसत होतं, पाण्याचा आवाज मध्येच दूर जाई, मध्येच उशाशी येई. डोळे उघडले तर समोर मोळीवाली एक बाई. तिनं लिंबावर चढलेल्या गुळवेलीचा तुकडा कापला, ठेचला, अडुळशाची पानं घातली आणि तीन दगडांवर लोटकं चढवलं. जणू मी तिच्याच घरची होते.

"पिई ले, माय. कडू शे."

मी तोंड फिरवलं. "असल्या औषधांनी माझी पोर नाही वाचली."

ती रागावली नाही. लोटकं तसंच धरून हळूच म्हणाली, "पोरनं नाव काय व्हतं?"

वर्षभरात हे कुणी विचारलं नव्हतं. "इंदू," मी म्हणाले, आणि बांध फुटला. ती पाठीवरून हात फिरवत राहिली. रडता रडताच तो कडू काढा मी घोटाघोटानं प्याले. मग दरदरून घाम आला, झोप लागली.

जागी झाले तेव्हा अंग हलकं होतं, बाई नव्हती. खाली परतलेल्या आत्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, देवीच आली. असेल, किंवा जवळच्या पाड्यावरची कुणी माउली असेल. मी शोध घेतला नाही. आत्यांचा हात धरून वर गेले, देवीपुढे डोकं टेकलं. काही मागितलं नाही, काही विचारलंही नाही. जड ओझं खाली ठेवावं, तशी नुसती टेकले.

परतताना गाडीत मीच म्हणाले, "आत्या, इंदूला केळफुलाची भाजी किती आवडायची!"

आत्यांनी पदर तोंडाला लावला. मग डोळे पुसून हसल्या, "अन् माह्या ताटातली पळवायची!"

घर येईपर्यंत आम्ही दोघी इंदूबद्दलच बोलत होतो.