कौसाबाईंचं कडं आणि झोपाळू लॅपटॉप

चालू बटण दिसलं की कौसाबाईंचा हात शिवशिवायचा. खोलीत माणूस नाही आणि पंखा गरगर फिरतोय, म्हणजे काय! जिना उतरता उतरता त्या सोसायटीचे दिवेसुद्धा मालवायच्या. भरदिवसा लावून ठेवतात मेले, म्हणून. नवरा होता तोवर म्हणायचा, हिच्यामुळे एक दिवस वीज कंपनी बुडणार. नवरा गेला, कंपनी आहे तिथेच आहे.

बदलापूरजवळच्या सोनिवलीत जिथे त्यांचं भाताचं खाचर होतं, तिथेच आता त्यांची बिल्डिंग उभी आहे. जमीन दिली त्या बदल्यात चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला. बाल्कनीत उभ्या राहून त्या आल्यागेल्याला पार्किंग दाखवतात. ती पांढरी गाडी दिसते ना, तिथे आमचा बांध होता, तिथे बसून आम्ही भाकरी खायचो. पाहुणा मान डोलावतो. त्याला गाडीच दिसते, बिचाऱ्याला.

घरात माणसं तीनच. मुलगा संतोष अंबरनाथला एमआयडीसीत शिफ्टला जातो. सून संजीवनी देशावरची, कराडकडची, मोजकं बोलणारी. ती पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल टाकून लॅपटॉपवर काम करते. एका विमा कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि मार्गी लावायच्या. दिवसभर ही पोरगी परक्या माणसांना 'सॉरी सर, सॉरी मॅडम' करते आणि घरात मात्र तोंड उघडत नाही, हे कौसाबाईंचं जुनं दुखणं.

थंडीच्या दिवसांत एकदा संजीवनी पाणी प्यायला आत गेली. खोली रिकामी, आणि भिंतीवरचा वायफायचा डबा आपला उगाच लुकलुकतोय. कौसाबाईंनी बटण खट्‌कन बंद केलं. नेमकी तेव्हा साहेबांबरोबर मीटिंग चालू होती. संजीवनी एक शब्द बोलली नाही. तिने सेलोटेपचा तुकडा कापला आणि त्या बटणावर आडवा चिकटवून टाकला. बोलली असती तर बरं झालं असतं. भांडण झालं असतं, संध्याकाळपर्यंत मिटलंही असतं. ती पट्टी मात्र कौसाबाईंना येताजाता दिसत राहिली.

महाशिवरात्रीला त्या अंबरनाथच्या शिवमंदिराच्या जत्रेला गेल्या. तिथे एक जण तांब्याच्या रंगाची कडी विकत होता. टोकांना लोहचुंबक. गुडघा, मान, बीपी, सगळं बरं होतं म्हणे. संजीवनी रोज काम संपल्यावर हात चेपत बसायची, ते कौसाबाईंनी पाहिलं होतं. त्यांनी घासाघीस करून एक कडं घेतलं आणि घरी येऊन स्वतःच्या हाताने तिच्या डाव्या मनगटात चढवलं, कारण "लेडीज लोकांनी डाव्या हातात घालायचं" असं विकणाऱ्याने बजावून सांगितलं होतं.

"छान आहे, आई," संजीवनी म्हणाली.

बस, एवढंच. सासूने दिलं म्हणून घातलं आपलं, असं कौसाबाईंनी मनाशी म्हटलं आणि विषय सोडून दिला.

मग गुढीपाडवा झाला आणि एका सकाळी लॅपटॉपने काही न विचारता अपडेट सुरू केलं. संजीवनी चहा गार होईपर्यंत त्या फिरत्या गोलाकडे बघत बसली. त्या दिवसापासून लॅपटॉपला झोपेचा रोग लागला. गिऱ्हाईक बोलतंय, संजीवनी टाईप करतेय, आणि पडदा काळा! उठवला तर उठायचा, पण वायफाय गायब. फोन कट. साहेबांच्या पडद्यावर तिच्या नावापुढे लागायचं, जागेवर नाही.

"आई, तुम्ही बटण बंद केलंत का?"

"नाय गो! पट्टी बघ, जशीच्या तशी हाय."

आणि संजीवनी खरंच उठून पट्टी बघून आली. विचारलं त्याचं कौसाबाईंना काही वाटलं नाही. ती बघायला गेली, ते मात्र फार लागलं.

कंपनीत असली दुखणी बघणारी जिज्ञासा नावाची मुलगी होती. ती फोनवर बोलायची आणि तिकडे बसल्या बसल्या या लॅपटॉपवरचा बाण फिरवायची. कौसाबाई मागे उभ्या राहून बघत होत्या. पोरीचा हात दिसत नाही आणि काम मात्र चाललंय. वायफायचं कारण तिला लगेच सापडलं. अपडेटनंतर लॅपटॉप झोपताना वीज वाचवायला वायफाय बंद करायचा आणि उठल्यावर ते चालू करायचं विसरायचा. तिने ते बंद करणंच काढून टाकलं.

"बघ," कौसाबाई म्हणाल्या, "त्यालापण बटणं बंद करायची खोड हाय."

संजीवनी हसली नाही. कशी हसेल? वायफाय सुधारलं तरी झोप काही जाईना. कितीही वेळ हात लावला नाही तरी झोपायचं नाही, असं जिज्ञासाने त्याला सांगून ठेवलं, तरी तो भर कामात डोळे मिटायचाच. शेवटी ती म्हणाली, इथून सगळं बरोबर दिसतंय मॅडम, मशीन आमच्याकडे पाठवून द्या. आणि साहेब म्हणाले, घरून हे असं चालणार नाही, सोमवारपासून ऐरोलीच्या ऑफिसला या. नेहमीसाठीच.

संतोषने जेवताना विषय काढला. "बदलापूरवरनं ऐरोलीला रोज जाऊन येऊन हिचा जीव जाईल. तिकडेच खोली बघतो. मी उलटा अंबरनाथला येईन. आई, तूपण चल."

तूपण चल! एका खोलीत तिघं, आणि बाहेर ओळखीचं झाड नाही की माणूस नाही. तो मनापासून म्हणत होता, हे कौसाबाईंना कळत होतं, आणि आपण जाणार नाही हेही. म्हणजे या तीन खोल्यांत आपण एकट्या. मग बंद करायला बटणंसुद्धा उरणार नाहीत, कारण ती चालू करणारंच कुणी नसेल. त्या "बघू" म्हणाल्या आणि ताटातला भात चिवडत बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी संजीवनीने हात धुवायला कडं काढून टेबलावर ठेवलं आणि ती जेवण गरम करायला आत गेली. कौसाबाई फडकं घेऊन टेबल पुसायला आल्या. कडं उचलून त्यांनी लॅपटॉपच्या कडेला, जिथे मनगट टेकतात तिथे, डाव्या बाजूला ठेवलं.

पडदा काळा.

"अगं बाई!" आपलाच हात कशाला तरी लागला, असं वाटून त्यांनी घाबरून कडं उचललं. पडदा उजळला. त्या जरा थांबल्या. कडं पुन्हा हळूच टेकवलं. अंधार. उचललं, उजेड. परत एकदा. तेच.

ज्या दुखण्यापायी घर मोडायला निघालं होतं, ते त्यांनी स्वतः जत्रेतून घासाघीस करून आणलं होतं!

सांगायचं? आधी बटण, आता हे. पोरगी काय म्हणेल? तिने एक पट्टी बटणावर लावली होती, आता दुसरी माझ्या हातांना लावेल. आतून ताटांचा आवाज आला. कौसाबाईंनी कडं कमरेच्या पिशवीत सारलं आणि फडकं झटकत त्या बाहेर गेल्या.

त्या दिवशी लॅपटॉप झोपला नाही. संजीवनीने फोनवरून संतोषला सांगितलं, "अहो, दुपारपासून एकदाही गेला नाही! त्या मुलीने काहीतरी केलेलं दिसतंय." बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज असा मोकळा येत होता. कौसाबाई भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. जिज्ञासाला जाऊ दे श्रेय, आपलं काय जातं. घर राहिलं म्हणजे झालं.

काम आटोपल्यावर मात्र संजीवनी काहीतरी शोधायला लागली. टेबलाखाली, बेसिनपाशी, वॉशिंग मशीनमध्ये. सोफ्याच्या गाद्या काढून झाल्या. मग तिने कचऱ्याचा डबाच पेपरवर पालथा केला आणि भाजीच्या देठांत हात घातला.

"काय गो हरवलं?"

"कडं. इथेच ठेवलं होतं मी."

"जाऊ दे, जत्रेतलं तर होतं. दुसरं मिळेल."

"दुसरं कसलं मिळेल, आई?" तिने देठ बाजूला सारले. "लग्न होऊन या घरात आल्यापासून तुम्ही आपणहून माझ्या हातात घातलेलं ते एकच तर आहे." आणि ती तशीच कचऱ्याशेजारी बसून रडायला लागली.

कौसाबाईंच्या हातातले वाल हातातच राहिले. ही आपल्याला घुमी वाटत होती! त्यांनी पिशवीतून कडं काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

"मीच लपवलं. हेच तुझ्या मशीनला झोपवत होतं गो. खरं नाय वाटत तर चल, दाखवते."

त्यांनी ठेवून, उचलून दाखवलं. संजीवनीने तिथूनच जिज्ञासाला फोन लावला, आणि पलीकडे ती पोरगी खळखळून हसली. लॅपटॉपच्या झाकणात चुंबक असतो. तो खाली आला की लॅपटॉपला कळतं, झाकण मिटलं. कड्यातल्या चुंबकानेही त्याची तीच फसगत होत होती. पाहुणे आले की संजीवनी तो मिटून आतल्या खोलीत न्यायची, म्हणून तिने पूर्वीच त्याला झाकण मिटलं तरी झोपू नको असं सांगून ठेवलं होतं. त्यामुळे अपडेटआधी कडं टेकलं तरी पडदा फक्त क्षणभर मिचकायचा, तिने कधी लक्ष दिलं नाही. अपडेटने ते सांगणंच पुसून टाकलं. "झाकणाचं मी बघितलंच नाही, मॅडम," जिज्ञासा म्हणाली, "झाकण तर उघडंच होतं ना!" तिने सगळं पहिल्यासारखं करून दिलं, आणि तेवढं कडं लॅपटॉपपासून लांब ठेवा म्हणाली. तिने कारण कळवलं तसा साहेबांचा निरोपही आला, घरूनच करा.

"मग मी हे उजव्या हातात घालते," संजीवनी कडं चढवत म्हणाली. "तो माऊसवर असतो, लांब. आणि खरं सांगू? दुखतो तो उजवाच."

"आँ? मग इतके दिवस डाव्यात कशाला घातलंस?"

"तुम्ही घातलं होतंत ना डाव्यात. कसं सांगू?"

कौसाबाईंना इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते हसण्याचंच होतं असं त्यांनी पदराने पुसता पुसता दोनदा सांगितलं.

"सॉरी, आई. मी तुमच्यावर उगाच..."

"मला नको तुझं सॉरी. मी काय तुझं विम्याचं गिऱ्हाईक हाय?"

संजीवनी उठली. वायफायच्या डब्यापाशी जाऊन तिने बटणावरच्या पट्टीखाली नख घातलं. पट्टी जुनी झाली होती, तुकड्या-तुकड्यांनी निघत होती.

"राहू दे गो ती," कौसाबाई घाईघाईने म्हणाल्या. "माझ्या हाताचा काय भरवसा नाय. उद्या परत बंद होईल."

"होऊ दे," उरलेला तुकडा खरवडत संजीवनी म्हणाली. "बंद झालं तर परत चालू करू, आई."