दोन्ही काठांचा सहदेव

आफ्रिकेतल्या एका देशात माझी पोस्टिंग झाली, तेव्हा तिथलं यादवी युद्ध कागदावर संपलं होतं. देशाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल सांगतोय ते लोक अजून तिथेच राहतात. मी हवालदार इक्बाल मुकादम, गाव दापोलीजवळ. डोक्यावर शांतिसेनेचं निळं हेल्मेट, हाताखाली एक सेक्शन. कॅम्प नदीच्या काठी. या काठावर एक जमात, त्या काठावर दुसरी. दोघांनी एकमेकांची गावं जाळलेली.

राजधानीत झालेल्या करारात ठरलं होतं की यापुढे चराई, पाणी, पोलीस आणि तंटे यांचे निर्णय जिल्ह्यातच व्हायचे. त्यासाठी दोन्ही काठांची मिळून एक कौन्सिल बसवायची. ऐकायला सोपं होतं. प्रत्यक्षात या काठाचा माणूस त्या काठावर पाय ठेवत नव्हता. दोन्हीकडच्या जाणत्या म्हाताऱ्यांना सुखरूप एकत्र आणणं हे आमचं काम.

सकाळी पीटी, गाड्यांची तपासणी, मग पॅट्रोल. माझी गाडी चालवायचा नाईक सहदेव गुरव, संगमेश्वर तालुक्यातला. मी लहानपणापासून कुराण वाचलेलं, अरबीचं अक्षर न् अक्षर ओळखणारा. पण तिथल्या बाजारातली अरबी उचलली ती सहदेवने. टायर बदलताना, चहा पिताना, लोकांशी बोलत बोलत. गावात पोचलो की सेक्शन कमांडर म्हणून मी पुढे व्हायचो आणि म्हातारे माझ्या खांद्यावरून मागे बघायचे.

"सादेव आला नाही का?"

त्यांना 'सहदेव' म्हणता यायचं नाही. माझं नाव तर कुणी विचारतही नव्हतं.

एकदा मी त्याला विचारलं, "एवढं काय सांगतात तुला?"

"काही नाही उस्ताद. कुणाची गाय व्याली, कुणाची आटली."

"आणि कौन्सिलचं?"

"तेच तर कौन्सिलचं आहे, उस्ताद. गुरं कुठे पाजायची, यावरच सगळं भांडण आहे."

आमच्या बटालियनच्या सीओसाहेबांनी ब्रीफिंगमध्ये सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. मीही टाळ्या वाजवल्या. जेवण मात्र गेलं नाही.

कौन्सिलची पहिली बैठक आमच्या काठावरच्या शाळेत ठरली. सकाळी सातला आम्ही पलीकडच्या म्हाताऱ्यांना घेऊन निघालो. पूल ओलांडला आणि रस्त्यात झाड आडवं टाकलेलं दिसलं. गवतातून बंदुका घेतलेले तरुण उभे राहिले. ते आमच्याच काठाचे होते. त्यांचं म्हणणं एकच: दुश्मनाला आमच्या शाळेत बसू देणार नाही.

मी वायरलेसवर कॅम्पला कळवलं, "टायगर, टायगर वन. रोड ब्लॉक. हत्यारबंद लोग. ओव्हर."

"टायगर वन, फायर नहीं. बातचीत करो. ओव्हर."

बातचीत म्हटल्यावर माझी नजर सहदेवकडे गेली.

"जातो उस्ताद."

"हेल्मेट बांध."

"बांधलंय."

तो रायफल पाठीला लावून, हात मोकळे ठेवून चालत गेला. बराच वेळ बोलत होता. एक जण हसला. दोघांनी बंदुका खाली केल्या. तेवढ्यात लांबच्या गवतातून एक गोळी आली. सहदेव आधी खाली बसला, मग आडवा झाला.

"टायगर, वन मॅन डाउन. हेलिकॉप्टर भेजो. ओव्हर."

आम्ही पोझिशन घेतली, पण दुसरी गोळी आली नाही. त्याला उचलून गाडीपर्यंत कुणी आणलं? ज्यांनी रस्ता अडवला होता, त्याच तरुणांनी. गाडीतल्या पलीकडच्या म्हाताऱ्याने अंगावरचं कापड काढून त्याची जखम दाबून धरली. हेलिकॉप्टर येईपर्यंत सहदेव गेला होता.

म्हातारा एवढंच म्हणाला, "बैठक आजच होईल." झाड त्या तरुणांनीच बाजूला ओढलं. बैठक झाली.

पेन्शन घेऊन मी गल्फला आलो. आता दुबई मरीनाच्या एका हॉटेलात सिक्युरिटी सुपरवायझर आहे, राहतो शारजात, अल नहदाला. इथे मला अरबी बोलता यायला लागली. काही महिन्यांपूर्वी त्याच देशातल्या जिल्हा कौन्सिलच्या लोकांचं एक वर्कशॉप आमच्या हॉटेलात होतं. विषय, जिल्ह्याचा कारभार जिल्ह्यानेच कसा चालवायचा. नाश्त्याला एक बाई आणि एक उंच गृहस्थ एकाच ताटातून खात होते. त्यांच्या बिल्ल्यांवर आमच्या जिल्ह्याचं नाव दिसलं, म्हणून जवळ गेलो. ती या काठाची, तो त्या काठाचा. मी तिथे होतो असं सांगितलं.

बाई उभीच राहिली. "म्हणजे सादेवच्या गाडीत होतात?"

गाडी माझी होती, असं ओठांवर आलं. "हो," म्हणालो.

तिने माझं नाव विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं.

मग तिने सांगितलं. कौन्सिलची प्रत्येक बैठक मेलेल्यांची नावं घेऊन सुरू होते. या काठाने त्या काठाच्या मेलेल्यांची घ्यायची, त्या काठाने या काठाच्या. समेट करताना तसंच ठरलं होतं. पण सहदेव कुणाच्या मेलेल्यांत धरायचा आणि मग त्याचं नाव कुणी घ्यायचं, यावर वाद झाला.

गृहस्थ म्हणाले, "आमच्या म्हाताऱ्यांना आणताना गेला. म्हणून आमचा."

"आमच्या मुलांशी बोलताना गेला," बाई म्हणाली. "आमचा."

शेवटी त्याचं नाव दोघांनी एकदम घ्यायचं ठरलं. आजही तसंच घेतात.

तिथे असताना मला वाटायचं, या लोकांनी त्याच्याऐवजी मला हाक मारावी. आता वाटलं, यांनी त्याला असं परस्पर वाटून का घ्यावं? बरोबर राहिलो मी. त्याचं सामान बांधलं मी. संगमेश्वरला त्याच्या आईसमोर जाऊन उभा राहिलो मी.

"खलास, पुरे झालं," मी म्हणालो. आवाज चढला होता. "तो तुमचा नाही आणि तुमचाही नाही. आणि नाव सादेव नाही."

मग बाई हळूच म्हणाली, "मग काय ते सांगा. आम्हाला पूर्ण नाव कुणी सांगितलंच नाही."

मी सांगितलं. त्यांनी म्हणून पाहिलं, चुकले, पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा मीही त्यांच्याबरोबर म्हटलं.

नाईक सहदेव गुरव. तालुका संगमेश्वर. माझ्या सेक्शनचा.