भुवईचा होकार

तत्त्वज्ञानात एम.ए. करते म्हटलं की आमच्या रामवाडीत कोणीतरी विचारायचंच, "मग पुढं काय करनार गो?" मी वैतागून सांगायचे, "विचार." वर्गात सर एकदा म्हणाले, समोरच्या माणसाला मन आहे, हे सिद्ध करून दाखवा. आम्ही फिदीफिदी हसलो होतो.

त्याच वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हा ते रोह्याजवळच्या अष्टमी गावात दादाकडे होते. दादा रोह्यात कंपनीत कामाला. बाबांची वाचा गेली. त्यात साखरेमुळे पाय काळा पडत चाललेला. डॉक्टर म्हणाले, पाय काढला तर वाचतील, नाहीतर कठीण आहे. त्यांना काही समजत नाहीये, तुम्हीच काय ते ठरवा.

समजत नाहीये? माझं डोकंच फिरलं. बाबांनी उभा जन्म पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी केली. ब्रश टेकला की बोलायचं नाही, श्वाससुद्धा जपून घ्यायचा. तेवढ्यात कोणी काही विचारलंच तर भुवई वर म्हणजे व्हय, डोळे मिटले म्हणजे नाय. घरातही आम्ही त्याच खुणांवर वाढलो.

मी त्यांच्या कानाशी वाकले. "बाबा, पाय काढायचा?"

त्यांनी डोळे मिटले.

"अगो, आजारी मानूस डोळे मिटतोच," दादा खेकसला. त्याचंही खरं होतं. म्हणून मी उलटं विचारलं, "पाय राहू द्यायचा?" भुवई वर गेली. "मग तुम्ही जाल, बाबा. कळतंय ना?" भुवई पुन्हा वर गेली, सावकाश. सरांनी मागितलेला पुरावा समोर होता आणि मला तो नको होता. देवा, विचारलंच नसतं तर!

दादा म्हणाला, बाप जगला पाहिजे, बास. मी म्हटलं, पाय त्यांचा, शब्दही त्यांचाच. आमची जुंपली. आई खाटेशी उभी राहून बाबांची चादर सारखी करत होती. शेवटी दादाने हात टेकले. ऑपरेशन झालं नाही. आठवड्याभरात बाबा गेले.

आता मी कॉलेजात नीतिशास्त्र शिकवते. माणसाची इच्छा सर्वांत वर, हे ठासून सांगते. परवा आईलाही तेच सांगत होते, बाबांचं मन मी राखलं म्हणून. ती वाल सोलत होती.

"त्यांना इचारलंस, बरं केलंस गो," ती म्हणाली. "मला कोनी इचारलंच नाय."