चौकातली कॅप्टन

भास्करच्या पोरीला नोकरी लागायच्या आधीच मी अकोल्यातल्या चौकात तिचा 'कॅप्टन' म्हणून भला मोठा फ्लेक्स लावला. प्राची परदेशातून विमान चालवायला शिकून आली, एवढंच मला ठाऊक होतं. बाकीचं मी फ्लेक्सवाल्याच्या दुकानात बसून ठरवलं. ती शिकली चार सीटच्या विमानावर. मी तिच्या मागे जंबो उभं केलं. खांद्यावर चार पट्ट्या चिकटवल्या आणि खाली शुभेच्छुक म्हणून स्वतःचा फोटो, तिच्यापेक्षा थोडासाच लहान.

भास्कर गेल्याचा फोन मला माझ्या गावी, मोर्शीत आला, त्याला आता महिना होऊन गेला. अमरावतीला कॉलेजात एका बाकावर बसलो तेव्हापासूनची आमची दोस्ती. पुढे अकोल्यात त्यानं शेतपंपाच्या मोटारी वाइंडिंग करायचं दुकान टाकलं, आणि त्याच दुकानात त्याला माझ्यामुळे तोंड लपवायची वेळ आली. परदेशी लायसन इथे तसंच चालत नाही. इथले पेपर द्या, मेडिकल करा, पुन्हा विमान चालवून दाखवा. मग कंपन्यांच्या भरतीची वाट बघा, आणि लागलीच तर आधी को-पायलट. कॅप्टन व्हायला पुढे कैक वर्षं. हे गिऱ्हाइकाला कोण समजावणार? "भास्करभाऊ, कॅप्टनबाई कोणतं विमान चालवून राहिल्या?" असं कोणी विचारलं की भास्कर टेबलावरची मोटार चालू करायचा. त्या घरघरीत प्रश्नही बुडायचा आणि उत्तरही. पुढे पुढे मी पायरी चढलो तरी मोटार चालू व्हायची...

हा किस्सा मी हसत हसत सांगत फिरायचो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. इथलं लायसन हाती आल्यावर प्राचीला एका फ्लाइंग क्लबात शिकवायचं काम मिळत होतं. पगार बेताचा, पण त्यात उड्डाणाचे तास वाढतात आणि मोठ्या कंपन्या ते तासच बघतात. भास्करनं नाही म्हटलं. मी समजवायला गेलो तर मोटार बंद करून म्हणाला, "चौकात कॅप्टन लावली तुनं. आता मास्तरीण झाली म्हणून सांगू लोकायले? मले तोंड दाखवाले जागा ठेवली का?" वर्षभरानं तो नरमला आणि ती गेली. पण ते वर्ष गेलं ते गेलंच. मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं तेव्हा ते ऐकायला भास्कर नव्हता.

परीक्षा दिल्लीला, सिम्युलेटरवर, आणि तारीख नेमकी तेरवीच्या आधीची. घरात नातेवाईक कुजबुजायला लागले. मी वडीलधाऱ्या आवाजात म्हणालो, "प्राची, तेरवी होऊ दे. कंपनीवाल्यांशी मी बोलतो, तारीख पुढे ढकलून घेऊ." जशी काही कंपनी माझ्या मेव्हण्याची! पोरीनं मान खाली घातली. एक वर्ष तिचं माझ्यापायी गेलं होतंच. आता तिच्या बापाच्या फोटोसमोर मांडी घालून मी पुढचंही घालवायला निघालो होतो.

वहिनी आतून तिची बॅग घेऊन आल्या. "ऊठ," त्या पोरीला म्हणाल्या, "नागपूरहून विमान आहे ना तुह्यं? तेरवीचं आमी पाहून घेऊ." दारातून वळून प्राची "येते काका" म्हणाली.

गाडी दिसेनाशी झाल्यावर मी कसंबसं विचारलं, "वहिनी, मी काही करू?"

"करा ना भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "तिले नोकरी लागली तरी कोणाले सांगू नका."