आप्पांच्या हातातलं विमान

माझे वडील विमानं करायचे. असं म्हटलं की लोक जरा निरखून बघतात. मग मला सांगावं लागतं की छोटी, रिमोटवर उडणारी. खेळण्यातली म्हटलेलं मात्र आप्पांना कधीच चाललं नाही. त्यांच्या विमानाला खरं इंजिन असायचं, पंख खऱ्या विमानासारखे फासळ्या जोडून केलेले असायचे, मागचं सुकाणू खरोखर वळायचं. आत बसायला जागा नव्हती, एवढंच.

आप्पा मूळचे साताऱ्याकडचे, ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत फिटर होते. दिवसभर पाइप आणि व्हॉल्व्ह. संध्याकाळी जुईनगरच्या आमच्या दोन खोल्यांत जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचे आणि बाल्सा नावाच्या पिसासारख्या हलक्या लाकडाच्या फासळ्या ब्लेडने कापत बसायचे. पंख सुकायला ठेवायची जागा म्हणजे माझं अभ्यासाचं टेबल. आई वैतागायची. "ह्या घरात माणसाला टेकायला जागा न्हाई, विमानाला हाय," म्हणायची आणि पंखाला धक्का लागू नये म्हणून स्वतःच अंग चोरून जायची.

रविवारी सकाळी आम्ही बापलेक नेरूळला खाडीकडच्या मोकळ्या मैदानावर जायचो. विमान डोक्यावर धरून पळायचं आणि आप्पा "सोड!" म्हणाले की सोडायचं, हे माझं काम. इंजिनाच्या तेलात एरंडेल असायचं, त्याचा गोडसर जळका वास दुपारपर्यंत माझ्या केसांना यायचा. विमान वर गेलं की मी आप्पांकडे बघायचे. ते अंगठ्यांकडे कधी बघत नसत. विमान डावीकडे वळलं की तेही थोडे डावीकडे कलायचे, स्वतःच्या नकळत.

"धर की, उडवून बघ," असं ते दर वेळी म्हणायचे आणि रिमोट पुढे करायचे. मी हात मागे घ्यायचे. मला ते वर कसं राहतं हे आधी समजून घ्यायचं होतं. पंखाखालून हवा कशी जाते, शेपूट खाली दाबलं की नाक वर का येतं, हे मी विचारत राहायचे आणि आप्पा त्यांना येईल तसं सांगत राहायचे. त्या प्रश्नांच्याच नादाने मी पुढे इंजिनिअर झाले. आप्पांना त्याचा फार अभिमान. सोसायटीत कुणी विचारलं की सांगायचे, "पोरगी विमानाचं शिकलीय."

नोकरी लागली ती ड्रोन बनवणाऱ्या कंपनीत. शेतावर फवारणी करणारे, टॉवर तपासणारे, जमीन मोजणारे ड्रोन. माझ्याकडे काम आलं ते ड्रोनच्या मेंदूचं. वारा आला तर त्याने स्वतः तोल सांभाळावा, वाट स्वतः शोधावी, बॅटरी संपत आली तर स्वतः घरी परतावं. उडवणाऱ्याकडून होणारी चूक आधीच ओळखून ती होऊ न देणं, थोडक्यात हेच माझं काम. मी त्यात चांगली होते. अजूनही आहे.

एकदा आप्पांना कंपनीत घेऊन गेले. मागच्या अंगणात आमच्या लोकांनी मोठ्या आदराने त्यांच्या हातात रिमोट दिला. आप्पांनी ड्रोन वर नेला, पुढे नेला, मागे आणला. मग मी म्हटलं, "आप्पा, आता हात सोडा."

"सोडू? पडंल की."

"नाही पडणार. सोडा."

त्यांनी अंगठे उचलले. ड्रोन हवेत खिळ्याला टांगल्यासारखा जागच्या जागी थांबला. सगळे आप्पांच्या तोंडाकडे बघत होते. आप्पा बराच वेळ वर बघत उभे राहिले. मग विचारलं, "आता मी काय करू?"

सगळे हसले, मीही हसले. रिक्षातून घरी येताना आप्पा म्हणाले, "यंत्र झकास हाय गं. पर त्यात मला काय काम न्हाई." त्यात तक्रार नव्हती. लग्नात वाढायला उठलेल्या माणसाला कुणी बसा म्हणावं तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

त्याच सुमारास खाडीपलीकडे नवा विमानतळ उभा राहत होता. आप्पांनी त्याची जितकी वाट बघितली तितकी कुणी बघितली नसेल. डोंगर फोडायचे सुरुंग लागले की नेरूळपर्यंत खिडक्या थरथरायच्या. लोक वैतागायचे आणि आप्पा खूश व्हायचे. "धावपट्टी होतीय," म्हणायचे. निवृत्त झाल्यावर खाडीकाठी जाऊन लांबून काम बघून यायचे आणि आईला सगळा वृत्तांत द्यायचे.

मग एका रविवारी आम्ही मैदानावर पोचलो तर तिथल्या वॉचमनने हटकलं. "काका, आता इथे उडवायचं नाय. वरून ऑर्डर आलीय."

मी मोबाइलवर नकाशा उघडला. कुठे काय उडवता येतं ते आता नकाशातच रंगवलेलं असतं आणि आमचं मैदान लाल झालं होतं. खरं तर हे मला आधीच माहीत असायला हवं होतं, माझ्या रोजच्या कामाचा भाग तो. पण आप्पांचं विमान आणि ऑफिसातलं विमान यांचं आकाश एकच आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

वाटलं, आप्पा भांडतील. ते भांडले नाहीत. "बराबर हाय त्यांचं," म्हणाले, "मोठी विमानं येणार. मधी आपलं खेळणं नको." खेळणं हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

आईने विमानं जुन्या साड्यांत गुंडाळून माळ्यावर ठेवली. त्यानंतर थोड्याच महिन्यांत आप्पांच्या उजव्या अंगठ्याची थरथर सुरू झाली. पुढे पूर्ण हात कापायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. चहाचा कप अर्धाच भरून द्यायचा, शर्टाची बटणं आईने लावायची, असं सुरू झालं. कुणी आलं की आप्पा हात मांडीखाली दाबून बसायचे.

माझ्या डोक्यात एक कल्पना आली, आणि ती आली याचा मला तेव्हा फार आनंद झाला होता. हाताची थरथर म्हणजे शेवटी काय, एका ठरावीक लयीतली हालचाल. ती ओळखून गाळून टाकायची आणि माणसाला खरोखर जे करायचंय तेवढंच विमानापर्यंत पोचवायचं. आमच्या कामात हे रोजचं होतं. सुट्टीच्या दिवशी ऑफिसात बसून मी बिस्किटाएवढा एक सर्किट बोर्ड त्यासाठी तयार केला. आप्पांनी केलेलं शेवटचं विमान माळ्यावरून काढलं, पिवळ्या पंखांचं. त्यांच्या परवानगीने त्याचं पोट कापून बोर्ड आत बसवला. रिमोटवर एक खटका ठेवला. खटका वर असला की कॉम्प्युटर हाताचं ऐकून, गाळून, सावरून उडवणार. खाली केला की अंगठ्याची हालचाल जशीच्या तशी थेट पंखाला. चाचणीसाठी असा खटका आम्ही नेहमीच ठेवतो.

आता जागा हवी होती. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवण करणाऱ्या मावशी तळवलीच्या, मूळ गावातल्या. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "घेऊन ये ना बाबाला. आमच्या खारीत सगलं मोकलं हाय, कोन नाय येत." खाडीलगतची त्यांची ती जुनी भातजमीन, आता पडीक. लागणारी परवानगी मी रीतसर काढली आणि एका सकाळी आप्पा, आई आणि मी रिक्षाने तळवलीला गेलो. मावशी बांधावर छत्री घेऊन बसल्या होत्या, जणू सर्कस बघायला.

विमान डोक्यावर धरून मी पळाले. या वयात पळताना धाप लागली. मागून आवाज आला, "सोड!"

विमान वर गेलं आणि सरळ गेलं. आप्पांचे हात रिमोटवर थडथडत होते आणि वर ते पिवळं विमान तारेवरून सरकल्यासारखं चाललं होतं. त्यांनी वळवलं, ते वळलं. गोल फिरवलं, फिरलं. आईने पदर तोंडाला लावला. मावशी म्हणाल्या, "बाबाचा हात बरा झाला की गो!" इतकी वर्षं केलेल्या कामाचं सार्थक काय ते मला त्या क्षणी समोर दिसत होतं.

आप्पांनी बऱ्याच घिरट्या घातल्या. मग विमानावरची नजर न काढता विचारलं, "हे कोण उडवतंय?"

"तुम्हीच, आप्पा."

"न्हाई. मी सांगतो, मग ते इचार करतं, आन मग ऐकतं."

थरथर गाळायला बोर्डाला क्षणाचा उशीर लागत होता. पापणी लवायला लागतो त्याहून कमी. तो कुणाला जाणवेल असं मला वाटलं नव्हतं.

"ते बंद कसं करायचं?"

"आप्पा, नको. हात बघा तुमचा. पडेल ते."

"पडू दे की."

मी खटका दाखवला. त्यांनी स्वतःच तो खाली केला.

विमान दचकलं. एक पंख खाली गेला, मग दुसरा, नाक वर, नाक खाली. आप्पांच्या हातातली सगळी थरथर आता वर आकाशात दिसत होती. मी त्यांच्या मागे दोन्ही हात पुढे करून उभी होते, जणू विमान नाही, तेच पडणार होते. पण विमान पडलं नाही. झिंगल्यासारखं हेलकावत ते खाडीच्या दिशेने गेलं, कांदळवनावर पोचलं आणि कसंबसं वळून परत आलं. वळताना आप्पा थोडे डावीकडे कलले. आणि ते हसत होते. कितीतरी दिवसांनी हसत होते, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखे.

थोड्या वेळाने त्यांचे हात दमले. "घे," म्हणाले आणि रिमोट माझ्याकडे केला. "तू उतरव."

माझ्या हातात उडतं विमान प्रथमच आलं होतं. ते वर डगमगत होतं आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी अंगठे ठेवले, विमान एकदम कलंडलं, आणि माझ्या बोटाने विचार न करता खटका वर केला. विमान लगेच शहाण्यासारखं सरळ झालं. बांधाच्या कडेने खाली आलं आणि गवतावर अलगद टेकलं. ओरखडासुद्धा उठला नाही.

"छान उतरलं," आप्पा म्हणाले.

मी वाट बघत होते ती 'छान उतरवलंस' म्हणण्याची. त्यांनी मुद्दाम तसं म्हटलं नसेल. तसं बोलायची त्यांची रीत नव्हतीच. जे झालं ते त्यांनी सांगितलं.

पुन्हा जाऊ म्हणता म्हणता ते राहिलं. आधी पावसाळा आला, मग आप्पांचा आजार वाढला, मग तिथे कसलं तरी कुंपण आलं. एकदा मी त्यांना म्हटलं, "मला शिकवा हाताने उडवायला." ते समोर बसले, माझ्या हातांवर हात ठेवून रिमोटच्या काड्या हलवायला लागले. माझेही अंगठे त्यांच्याबरोबर कापायला लागले. त्यांनी हात काढून घेतले. "हे असं बसून न्हाई येत," म्हणाले. "तवाच शिकाया हवं होतं बग."

ऑफिसात एका मीटिंगमध्ये नवीन ड्रोनवरून तो खटका काढून टाकायचं ठरलं. तो कुणी वापरतच नाही असं दिसून आलं होतं. मी विरोध केला. कारण विचारल्यावर "कधीतरी लागतो," एवढंच म्हणाले. पुढचा विषय सुरू झाला.

आता विमानतळ सुरू झालाय. आम्ही नेरूळला राहायला आलोय, आप्पा गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. विमान दिसलं की बघतात, पण पूर्वीसारखं कुठलं, कसलं हे सांगत नाहीत. बोलणंही आता हळू झालंय, कान जवळ न्यावा लागतो.

पनवेलच्या पुढे, लांब, काही हौशी लोक अजून हाताने विमानं उडवतात. मी तिथे जायला लागले. माझ्या निम्म्या वयाची पोरं माझ्याहून बरी उडवतात. माझे अंगठे घाबरट आहेत, नको तिथे सावरायला जातात. गेल्या वेळी माझं विमान पन्नास पावलांवर नाकावर आपटलं आणि पंख तुटला.

घरी येऊन आप्पांना सगळं रंगवून सांगितलं. कसं उडवलं, कसं वळवलं, कसं आपटलं. त्यांच्या डोळ्यांत जरा चमक आली. ते काहीतरी म्हणाले. मी कान जवळ नेला.

"तुकडं कुठायत?"

आप्पांनी आयुष्यात एकही विमान टाकून दिलं नव्हतं. पडलं की चिमट्याने ठिकऱ्या गोळा करायचे आणि आठवडाभर जोडत बसायचे.

"तिथेच टाकले, आप्पा," मी म्हटलं. "फोमचं होतं. ते जोडत नाहीत, नवीनच घेतात."

त्यांनी मान हलवली. मग हात मांडीखाली घेतला आणि पुन्हा बाहेर बघायला लागले.